कोरी कॅसेट, भरलेली कॅसेट



विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला कोऱ्या कॅसेटशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे, आणि ते ‘कोरा’ या शब्दापासूनच सुरू होतं. मराठीत कोरा कागद असतो, कोरी पाटी असते, कोरा चहा असतो आणि कोरं कापडही असतं. कोरं कापड म्हणजे रिकामं कापड नव्हे. त्याला खळ असते, ते अंगाला टोचतं, पहिल्या धुण्यात आटतं. कोऱ्या कॅसेटचंही तसंच आहे. पाकीट फोडून ती सरळ टेपमध्ये घाला, आवाज वाढवा, तर एक बारीक ‘स्‌स्‌’ ऐकू येतो. फितीवरचे लाखो चुंबकीय कण वाटेल त्या दिशेला तोंड करून पडलेले असतात, त्यांचा तो आवाज. लॉकने मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली होती. वर्गात ती समजावून सांगताना आम्हाला कॅसेट फार उपयोगी पडायची, कारण पोरांना कागदाची खरखर ऐकवता येत नाही, फितीची ऐकवता येते.

आता इतिहासाकडे वळू. 1963 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने ही वस्तू प्रथम मांडली. बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात लू ओटेन्स यांच्या हाताखालच्या चमूने ती घडवली. ओटेन्स यांनी म्हणे लाकडाचा एक ठोकळा कोटाच्या खिशात मावेल एवढा कापून घेतला आणि यंत्र एवढंच व्हायला हवं असं ठरवलं. त्याआधी फीत मोठ्या चक्रीवर असायची, ती हाताने ओवावी लागे. कॅसेटने ती डबीत बंद केली. पुढे फिलिप्सने परवान्याचे पैसे न घेता इतरांना हीच रचना वापरू दिली. त्यामुळे जपानची कॅसेट जर्मन यंत्रात आणि जर्मन कॅसेट आपल्या नाशकातल्या यंत्रात चालू लागली. जगभर एकच माप, हे मोठं काम होतं, आणि त्याचं कौतुक आपल्याकडे जेवढं व्हायला हवं तेवढं झालं नाही.

फितीची रुंदी 3.81 मिलिमीटर. ती सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकते. हिशोब करून बघा: सी-60ची एक बाजू अर्धा तास, म्हणजे फीत सुमारे 86 मीटर, सी-90ला 130 मीटरच्या आसपास. डबी तेवढीच, फीत जास्त, म्हणजे ती पातळ करणं आलं. सी-120ची फीत तर इतकी पातळ, की स्वस्तातल्या यंत्रात ती हमखास गुंडाळली जायची. मग षट्कोनी पेन्सिल दातेरी भोकात घालून फिरवत बसा! पातळ फितीची आणखी एक गंमत आहे. एका पदरावरच्या आवाजाचा ठसा शेजारच्या पदरावर उमटतो. गायकाने षड्ज लावायच्या क्षणभर आधीच तो षड्ज पुसटसा ऐकू येतो. कार्य आधी आणि कारण नंतर! न्यायदर्शनाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण आम्हाला मिळालं नाही.

पण आमच्या मते या यंत्रातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, की फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग लिहिणाऱ्या हेडवरून. म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रण हे आधी एक पुसणं असतं. फीत कोरी असली तरीही यंत्र ती पुसतंच, कारण तिच्यावर आधी काय होतं ते त्याला कळत नाही. यावर एकच उपाय होता. डबीच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन टवके असतात, ते मोडायचे. मोडले, की बटण दबतच नाही. आणि मन बदललं, तर त्या खाचेवर सेलोटेप चिकटवायची, की झाली पुन्हा कोरी.

आपल्याकडे कोरी कॅसेट घराघरात आली ती सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. आखातात नोकरीला गेलेली माणसं येताना टू-इन-वन आणायची, सोबत सोनी, टीडीके, मॅक्सेलच्या कॅसेटी. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या पत्रांच्या जागी वापरल्या गेल्या. आईला लिहिता येत नाही, मुलाला तिचा आवाज हवा आहे. मग ती बोलते, मागे कोंबडी ओरडते, शेजारीण दोन शब्द टाकते, आणि कॅसेट विमानाने जाते. उत्तर बहुतेक वेळा त्याच कॅसेटवर यायचं, म्हणजे आईचं बोलणं पुसून. या पत्रांचा संग्रह कुठे करणार?

पुढे 1983 साली गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली. तिची ‘टी-सीरीज’ ही खूण आपल्याला भरलेल्या कॅसेटींमुळे माहीत आहे, पण तिच्या कोऱ्या कॅसेटीही गावोगाव खपत होत्या. स्वस्त कॅसेट मिळू लागली आणि ‘कॅसेट भरून देणे’ हा धंदा उभा राहिला. वहीच्या पानावर वीस गाण्यांची यादी करायची, दुकानदाराला द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. सरकारला हे खुपलं आणि 1984 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, शिक्षा वाढली, कॅसेटवर निर्मात्याचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं झालं. चोरी ती चोरीच, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण ज्या एका मोठ्या कंपनीच्या हातात तोवर आपलं बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत होतं, तिच्या यादीत वस्तीवरच्या गायकाला कितीशी जागा होती? भीमगीतं, देवीची गाणी, लोकनाट्याचे वग हे सगळं मोठ्या प्रमाणावर पसरलं ते स्वस्त फितीमुळे. इराणमध्ये तर 1978 साली खोमेनी पॅरिसजवळच्या एका खेड्यात राहत होते आणि त्यांची भाषणं कॅसेटीवरून घरोघरी पोचत होती. छापखान्यावर पहारा बसवता येतो. खिशातल्या डबीवर कसा बसवणार?

आता संगीताबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण महाराष्ट्राने कोऱ्या कॅसेटचा खरा उपयोग तिथे केला. जुनी 78ची रेकॉर्ड जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. ख्याल तिच्यात कोंबावा लागे. अल्लादियाखाँसाहेबांसारख्यांचा आवाज तर मागे उरलाच नाही. कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं मिळाली आणि विलंबित ख्याल त्याच्या चालीने उतरू लागला. घरगुती बैठकीत पुढच्या रांगेत एखादे बँकेतले किंवा पोस्टातले गृहस्थ मांडीवर यंत्र घेऊन बसलेले असत. बाजू उलटायची वेळ आली, की त्यांचा चेहरा बघवत नसे. तेवढ्यात एखादं आवर्तन निसटायचं. काही बुवांना हे मुळीच आवडत नसे, आणि त्यांचीही बाजू आहे: मैफल त्या रात्रीपुरती असते, जमलेल्या माणसांसाठी असते. कलावंताला आपल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर कायद्याने हक्क मिळाला तो 1994च्या दुरुस्तीने, आणि त्यातही खाजगी उपयोगापुरती सूट ठेवली गेली. आमचं मत विचाराल, तर त्या गृहस्थांनी विचारून मुद्रण केलं असेल तर त्यांचे उपकार आहेत. चोरून केलं असेल तर उपकार आणि अपराध दोन्ही आहेत, एकाने दुसरा फिटत नाही.

याउलट संस्थांचं बघा. आम्ही एका महाविद्यालयात शिकवत असताना दरवर्षी बाहेरचे विद्वान व्याख्यानाला येत. ध्वनिमुद्रणासाठी भांडारातून दोन कोऱ्या कॅसेटी मिळत. दुसऱ्या वर्षी मागणी केली, की कारकून म्हणे, “गेल्या वर्षीच्या आहेत ना? त्याच वापरा.” आम्ही अर्ज केले, टवके मोडून ठेवले, सुटीत कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली. जमाखर्चाच्या वहीत कॅसेट हा ‘वापरण्याजोगा माल’ होता, व्याख्यान हा माल नव्हता. त्यातले दोन वक्ते आता हयात नाहीत. आज तुम्ही ही माला हवी तेव्हा ऐकता, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि आता संग्राहक. जगभर आज कोऱ्या, न फोडलेल्या कॅसेटी जमवणारी मंडळी आहेत. क्रोमची कोणती, धातूच्या कणांची कोणती, वेष्टन कोणत्या वर्षाचं, हे त्यांना तोंडपाठ. टीडीकेची एमए-आर म्हणून एक आहे, तिची चौकट ओतीव धातूची. तिला चांगलीच किंमत येते. आम्ही त्यांना हसत नाही. कारखानदारीचा तोही इतिहास आहे, आणि कोणी तो जपलेला बरा. पण बाजार कसा चालतो बघा: पाकीट फोडलं, की किंमत घसरते, त्यावर एखाद्या आजीच्या ओव्या भरलेल्या असतील, तर ‘वापरलेली’ म्हणून आणखी घसरते. विकणारे जाहिरातीत लिहितात, ‘पुसून देऊ’. म्हणजे जी कॅसेट आपलं काम करून बसली, ती स्वस्त. आणि जिने काहीच केलं नाही, ती महाग. संग्राहकांपैकी जे कोणी ऐकत असतील त्यांना एवढीच विनंती, की पुसण्याआधी दोन्ही बाजू एकदा ऐका.

बाकीच्यांच्या घरी कपाटावर बुटाच्या खोक्यात कॅसेटी असतीलच. आधी टवके मोडा. लगेच वाजवू नका. वर्षानुवर्षं पडलेली फीत एकदा पुढे, एकदा मागे अशी पूर्ण फिरवून सैल करा. फितीमागे पितळी पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. म्हणून कॅसेट बिघडली असं समजून टाकून देऊ नका, ज्याला येतं त्याच्याकडून तो बसवून घ्या. बुरशी असेल तर चांगल्या यंत्रात घालू नका. आणि ऐकताना कागद-पेन्सिल घेऊन बसा: कोण बोलतंय, साल साधारण कोणतं, मागे कुणाचा आवाज. घरात तो आवाज ओळखणारं माणूस असेल, तर त्याला आधी बोलवा, यंत्र दुरुस्त व्हायची वाट पाहू नका.