आईच्या नावाचं देऊळ

कंबोडियातलं ता प्रोम तुम्ही मोबाइलवर कधीतरी पाहिलं असेल. झाडांच्या मुळांनी विळखा घातलेलं देऊळ! ख्मेर राजा सातवा जयवर्मन याने ते ११८६ साली आईच्या स्मरणार्थ उभारलं.

आईच्या नावाचं असंच एक देऊळ आपल्या नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, रामटेकच्या गडावर आहे. तेही जयवर्मनच्या सातशे वर्षं आधीचं.

हे केवल नरसिंह मंदिर. आत बसलेला भव्य नरसिंह आणि भिंतीत झिजलेला संस्कृत शिलालेख. लेख पाचव्या शतकातला. अभ्यासकांच्या वाचनानुसार, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुण्यस्मरणासाठी तिच्या मुलीने हे देऊळ बांधलं आणि देवाला नाव दिलं प्रभावतीस्वामी.

प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला तेव्हा मुलं लहान होती. मग नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, तिनेच राज्य चालवलं. तिच्या ताम्रपटांत सुरुवातीला वंशावळ येते ती माहेरच्या गुप्तांची. गोत्रही ती माहेरचंच सांगते, धारण.

वाकाटकांच्या वंशावळीत मुख्यतः बापानंतर मुलगा, असे राजे येतात. लेकीला तिथे जागा नाही. या लेकीने मात्र आईचं नाव थेट देवालाच देऊन टाकलं.

आपण गडावर रामाचं दर्शन घेतो, कालिदास स्मारकापाशी फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी नरसिंहापाशीही जरा थांबा. तिथे एका मुलीला आपली आई आठवली होती.