पत, साख आणि पहिली गाडी

पेण-रोह्यात आज कुणी गाडीसाठी कर्ज मागायला गेला की पहिला प्रश्न येतो, "सिबिल किती?" आखातात दहा-बारा वर्षं राबून परतलेला, कुणाचा एक रुपयाही न बुडवलेला माणूस इथेच अडतो. त्याने कधी कर्जच घेतलेलं नसतं, म्हणून 300 ते 900 मधल्या गुणांऐवजी त्याच्या नावापुढे उणे एक येतो. मराठीत 'पत' म्हणा की उर्दूत 'साख', दोन्ही शब्द अब्रूशी जोडलेले. ती अब्रू तीन आकड्यांत कशी आली, याचा इतिहास आपल्या तालुक्यांना जवळचा आहे.

चिंतामणराव देशमुख रोह्यात वाढले. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे 1950 ते 1956 देशाचे अर्थमंत्री. त्याच काळात रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली. 1954 च्या अहवालात दिसलं ते असं: शेतकऱ्याच्या शंभर रुपयांच्या कर्जात सुमारे 70 रुपये सावकारांचे, सहकारी संस्थांचे तीन, आणि व्यापारी बँकांचा पुरता एक रुपयाही नाही. सावकाराला कागद लागत नसे. घर, जमीन, पाऊसपाणी सगळं त्याला ठाऊक. पण वही त्याच्याच हातात आणि व्याजही त्याच्याच मनाचं. या अहवालाच्या शिफारशीवरून 1955 मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

सावकाराला दुसरा पर्याय होता सहकाराचा. त्याचा कायदा 1904 चा. पतपेढीत आणि नागरी बँकेत दोन जामीनदार उभे केले की काम होई. कर्जाचा इतिहास नसलेल्या माणसाला शेजाऱ्याची सही पत मिळवून देई. कितीतरी रिक्षा आणि टेम्पो याच भरवशावर रस्त्यावर आले.

ओळखीची दुसरी बाजू पेणने पाहिली. 2010 मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, चौकशीत बनावट कर्जखाती निघाली आणि हजारो ठेवीदारांची अमानत अडकली. ज्या जवळिकीमुळे गरिबाला कर्ज मिळायचं, त्याच जवळिकीच्या आडून कागदावर खोटे कर्जदार उभे राहू शकतात, हा तो धडा.

म्हणून नोंद हवी. सिबिलची स्थापना 2000 सालची, पतविषयक माहितीचा कायदा 2005 चा. यंत्र नाव, मोहल्ला, दाढी-टोपी पाहत नाही, हे त्याचं बळ. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात काही बँका मुस्लिम वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवतात, याची नोंद आहे. पण ज्याला व्यवस्थेने कर्जापासून लांब ठेवलं, त्याच्याकडेच पुन्हा कर्जाचा इतिहास मागणं, हा कुठला न्याय?

आपल्यातले अनेक जण व्याज नको म्हणून कर्जापासून दूर राहतात. तो त्यांच्या ईमानाचा प्रश्न आहे, त्याचा आदर व्हावा. मात्र सूरह बकराहमधली 282 वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणारा न्यायाने लिहो, साक्षीदार ठेवा, हेच सांगते. आपण मात्र भावाभावांत लाखोंची देवघेव तोंडी करतो, दुकानाचा गल्ला खात्यात भरत नाही, बायकोच्या नावावर काहीच ठेवत नाही. मग साख असते, पण दाखवायला कागद नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2025 च्या निर्देशांनुसार, केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज बँकांनी नाकारू नये. ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने लोकसभेतही हे सांगितलं. बँक उत्पन्न आणि परतफेडीची ऐपत मात्र तपासणारच. तेव्हा नकार मिळाला तर त्याचं कारण लेखी मागा. सोबत खात्याचा उतारा, आयकर विवरणपत्र, धंद्याच्या नोंदी ठेवा. ज्यांना व्याज नको, त्यांनीही पै-पैचा हिशेब लिहून ठेवावा. कर्ज-ए-हसना देणाऱ्या आप्तालाही तो एतबार देतो.