विजयदुर्गचे कट्टे आणि सूर्याचे डाग



कर्कवृत्त भोपाळच्या थोडे उत्तरेला आहे, म्हणून जूनमध्ये आमच्या अयोध्या नगरात सूर्य खरोखर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली पायाखाली जाते. इथल्या मराठी घरांतली बरीच मंडळी सुट्टीत कोकणात जातात, विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ पाहून येतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी याच कट्ट्यांवर दुर्बिणी मांडून हेलियमचा शोध लावला, असे तिथे सांगतात. ऐकायला छान वाटते, पण तसे घडले नाही.

त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले फ्रेंच संशोधक ज्यूल जान्सेन यांनी. लॉकयर यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट मिळवला तो २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम हे नाव आले. विजयदुर्गला ते आले ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. खोटी साक्ष देऊ नये हे आपण मुलांना शिकवतो. ती गावाच्या अभिमानापोटीही देऊ नये, असे आम्हांला वाटते. शिवाय १८९८ ची खरी हकीकत काही कमी मोलाची नाही.

त्या दिवशी चंद्राची सावली कोकणातून देश ओलांडून वऱ्हाडात गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, आणि पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते. वऱ्हाडात तळणीला ॲनी आणि वॉल्टर माँडर या जोडप्याबरोबर जॉन एव्हरशेड आले होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची! तेवढ्यात ॲनीबाईंनी सूर्याच्या प्रभामंडलाचा, म्हणजे कोरोनाचा, फार लांबवर गेलेला झोत छायाचित्रात पकडला. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस मांडला जातो, तशी कोरोनाच्या झोतांची ठेवण दिसते. पण सूर्याला चुंबकत्व आहे, याचा पुरावा तेव्हा कोणाकडे नव्हता.

तो १९०८ साली कॅलिफोर्नियात जॉर्ज हेल यांना मिळाला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाची एकेक रेषा फुटून तिच्या दोन-तीन होतात, आणि डागांच्या प्रकाशात हेलना तेच दिसले. डागांतले चुंबकत्व पृथ्वीच्या हजारो पट निघाले. पुढच्याच वर्षी, कोडाईकनालला रुजू झालेल्या एव्हरशेड यांना डागातला वायू मध्याकडून बाहेर वाहताना आढळला. तो प्रवाह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

डागांच्या या गोष्टीत आपल्या चर्चमधली माणसेही आहेत. जेझुइट फादर क्रिस्टोफ शायनर यांनी १६११ साली डाग पाहिले. सूर्य निष्कलंकच असला पाहिजे या समजुतीने त्यांनी ते सूर्याभोवती फिरणारे छोटे गोल ठरवले. मग वर्षानुवर्षे ते डाग काढत राहिले, आणि अखेर डाग सूर्यावरच आहेत हे आपल्याच ग्रंथात त्यांनी मान्य केले. गॅलिलिओशी त्यांचा वाद कडू होता, हेही खरे.

नायगमवालांचे नाव मात्र आपण जवळजवळ विसरलो. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभारली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले तशी वेधशाळाही बंद पडली आणि सामान कोडाईकनालला गेले. एका माणसाबरोबर संस्था संपते, हे दुःख आपल्या मंडळांनाही नवे नाही.

पुण्यातून सूर्याकडे पुन्हा मोठी नजर गेली ती २ सप्टेंबर २०२३ ला उडालेल्या आदित्य-एल१ वरून. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली. ती ११ फिल्टरमधून अतिनील प्रकाशात सूर्याची पूर्ण चकती टिपते. यातला बराचसा प्रकाश ओझोनमुळे जमिनीवर पोचतच नाही. तिच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सूर्यावरचे सुमारे ५०० किलोमीटर. ती चुंबकत्व थेट मोजत नाही; चुंबकत्वाने काय घडवले ते दाखवते. २२ फेब्रुवारी २०२४ ला सूर्यावर प्रचंड भडका उडाला, तेव्हा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून तिने तो टिपला.