गुंटूरचं सिस्टरांचं हॉस्पिटल : डॉक्टरकी करायला थेट पोपची परवानगी लागली!

गुंटूर म्हटलं की आपल्याला आठवते ती मिरची. पण आंध्र प्रदेशातल्या या शहरात सेंट जोसेफ नावाचं एक जुनं हॉस्पिटलही आहे, कॅथलिक सिस्टरांनी उभं केलेलं. देशभरात गावोगावी जे ‘मिशनचे दवाखाने’ दिसतात, त्यांचा इतिहास या हॉस्पिटलला वगळून सांगताच येत नाही.

त्या काळी अडचण अशी होती. घरातली बाई अडली, बाळंतपण अवघड झालं, तरी पुरुष डॉक्टरला तिला हात लावू द्यायचे नाहीत. पडदा पाळणाऱ्या घरांत तर प्रश्नच नव्हता. बाई डॉक्टर शोधूनही सापडायची नाही. उपचार असूनही बायका आणि बाळं दगावायची.

मग सिस्टरांनीच डॉक्टर व्हायला काय हरकत होती? हरकत चर्चच्या नियमाची होती. सिस्टरांनी रुग्णांची शुश्रूषा करावी, पण डॉक्टर म्हणून काम करायचं नाही, बाळंतपण तर नाहीच. स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅकलॅरन यांनी रावळपिंडीत बायकांसाठी हॉस्पिटल काढलं होतं. हा नियम बदला म्हणून त्यांनी रोमकडे पाठपुरावा केला. १९१३ मध्ये त्या वारल्या, नियम तसाच राहिला.

त्यांच्या कामाची माहिती देणारी एक पुस्तिका १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात एका तरुण डॉक्टरच्या हाती पडली. डॉ. मेरी ग्लाउरी त्यांचं नाव. जन्म १८८७ चा. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणून मेलबर्नमध्ये त्यांचा चांगला जम बसलेला. पण पुस्तिका वाचली आणि भारतात जायचं त्यांनी पक्कं केलं. घाई मात्र केली नाही. स्त्रीरोग, प्रसूती आणि डोळ्यांचे आजार यांचा पुढचा अभ्यास करून १९१९ मध्ये एम.डी. पदवी घेतली, आणि मगच बोटीत बसल्या.

फेब्रुवारी १९२० मध्ये त्या गुंटूरला पोचल्या. तिथे नेदरलँड्सहून आलेल्या जेएमजे (जीझस, मेरी, जोसेफ) संस्थेच्या सिस्टर काम करत होत्या. डॉ. मेरी त्याच संस्थेत दाखल झाल्या आणि सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट झाल्या. डॉक्टरकी चालू ठेवायला पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्यांना खास परवानगी दिली. सिस्टर असून रीतसर डॉक्टर, हे तेव्हा जवळपास कुठेच नव्हतं.

त्यांच्या हाताखाली छोट्या दवाखान्याचं मोठं हॉस्पिटल झालं. पण आमच्या मते त्यांचं खरं शहाणपण दुसऱ्याच गोष्टीत होतं. एकटी डॉक्टर किती ठिकाणी पुरणार? म्हणून त्यांनी तिथल्याच मुलींना औषधं देणं, नर्सिंग आणि सुईणीचं काम शिकवायला घेतलं. आपल्याकडे आजही आशाताई आणि नर्सताईंवर गावाचा दवाखाना कसा चालतो, ते वाचकांना वेगळं सांगायला नको.

१९३६ मध्ये रोमने नियम सैल केला. सिस्टरांना डॉक्टर आणि सुईण होण्याची वाट सगळीकडे मोकळी झाली. गुंटूरला तोवर सोळा वर्षं होऊन गेली होती.

१९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सिस्टर मेरी यांनी देशातल्या कॅथलिक हॉस्पिटलांची संघटना सुरू केली. तेव्हा सोबत होत्या अवघ्या मोजक्या सिस्टर. आज ‘चाई’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेत साडेतीन हजारांच्या आसपास संस्था आहेत, त्यात खेड्यापाड्यातले छोटे दवाखानेही आले. कुठल्याही जातीधर्माचा रुग्ण तिथे जाऊ शकतो.

डॉक्टर घडवणारं स्वतःचं मेडिकल कॉलेज असावं, हाही त्यांचा आग्रह होता. ते बघायला मात्र त्या राहिल्या नाहीत. ५ मे १९५७ रोजी बेंगळुरूमध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं. त्याच शहरात १९६३ मध्ये सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथून एमबीबीएस होणाऱ्या मुलामुलींना ठरावीक काळ ग्रामीण भागात काम करण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो.