इटलीत ट्रेनचं तिकीट काढूनही दंड का होतो? शहर बदलायच्या दिवशी नेमकं काय चुकतं?

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. इटलीला जाणाऱ्या बहुतेकांच्या यादीत ही तीन शहरं असतातच. हायस्पीड ट्रेनने रोम ते फ्लॉरेन्स साधारण दीड तास लागतो आणि फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन-सव्वादोन तास. त्यामुळे शहर बदलायचा दिवस प्लॅनमध्ये कुणी फारसा मनावर घेत नाही. पण एका हॉटेलची खोली सोडून दुसऱ्या हॉटेलची किल्ली हातात पडेपर्यंत अर्धा दिवस सहज जातो. ट्रिपमधले अनपेक्षित खर्चही अनेकदा याच दिवशी होतात.

आधी गाड्यांचा फरक समजून घेऊ. सरकारी मालकीच्या ट्रेनइतालियाची 'फ्रेच्चारोसा' आणि खासगी कंपनीची २०१२ मध्ये सुरू झालेली 'इतालो' या हायस्पीड गाड्या आहेत. त्यात सीट ठरलेली असते आणि भाडं विमानासारखं वरखाली होतं, म्हणजे जितकं आधी बुकिंग तितकं स्वस्त. मात्र सर्वात स्वस्त तिकीट सहसा बदलून मिळत नाही. गाडी चुकली की पैसे गेले. भारतातून विमान उतरतं त्याच दिवशी असं तिकीट काढणं म्हणजे जुगारच.

दुसरा प्रकार 'रेजिओनाले'. ही आपल्या पॅसेंजरसारखी, छोट्या गावांना थांबत जाणारी गाडी. हिचं भाडं ठरलेलं असतं. महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, पैसे तेवढेच. सीट नंबर नसतो, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं.

दंडाची भानगड होते ती इथेच.

तिकिटावर शिक्का हवा

मुंबई लोकलची कूपन्स आठवतात? स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच केल्याशिवाय ती चालत नसत. रेजिओनालेच्या कागदी तिकिटाचं तसंच आहे. प्लॅटफॉर्मजवळ लावलेल्या छोट्या मशीनमध्ये तिकीट सरकवायचं, त्यावर तारीख-वेळ छापली जाते आणि तिथून पुढे ते ४ तास चालतं. शिक्का नसेल तर तेच तिकीट पुन्हा वापरता येईल, म्हणून टीसीच्या लेखी तुम्ही विनातिकीट. "आम्ही पर्यटक आहोत, माहीत नव्हतं" हे कारण ऐकून घ्यायला तो बांधील नाही. मशीन बंद असेल तर गाडीत चढल्याबरोबर आपणहून टीसीला गाठून सांगायचं, तो येईपर्यंत थांबायचं नाही. हायस्पीडच्या तिकिटावर गाडी आणि वेळ छापलेलीच असते, त्यामुळे तिथे शिक्क्याचा प्रश्न येत नाही.

बोर्डवर फ्लॉरेन्स दिसतच नाही

इटालियन भाषेत फ्लॉरेन्स म्हणजे 'फिरेंत्से' आणि व्हेनिस म्हणजे 'वेनेत्सिया'. शिवाय बोर्डवर मोठ्या अक्षरात गाडीचं शेवटचं स्टेशन असतं. रोमहून फ्लॉरेन्सला जायचं असेल तर तिथे मिलान किंवा व्हेनिस लिहिलेलं असू शकतं. म्हणून शहराचं नाव शोधत बसण्यापेक्षा तिकिटावरचा गाडी नंबर जुळवा. 'बिनारियो' म्हणजे प्लॅटफॉर्म. त्याचा नंबर अनेकदा गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो, त्यामुळे बोर्डखाली माना वर करून उभी असलेली गर्दी पाहून घाबरायचं कारण नाही.

व्हेनिसची दोन स्टेशनं आहेत. 'मेस्त्रे' मुख्य भूमीवर, तर 'सांता लुचिया' थेट ग्रँड कॅनॉलच्या काठावर. नावात व्हेनिस दिसलं म्हणून मेस्त्रेला उतरलात, तर पुन्हा गाडी पकडून खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो. आणि सांता लुचियाच्या बाहेर टॅक्सी किंवा रिक्षा नाही. वॉटर बस घ्या, नाहीतर पायऱ्यांचे पूल चढत-उतरत बॅगा उचला. मोठ्या बॅगेचा पश्चात्ताप होतो तो इथे.

डोंगरावरच्या गावांची गंमत वेगळी. ऑर्व्हिएतोचं स्टेशन पायथ्याशी आहे, वर गावात जायला फ्युनिक्युलर. सिएनाचं स्टेशनही शहराच्या खाली आहे, त्यामुळे फ्लॉरेन्सहून तिथे जायला ट्रेनपेक्षा जुन्या शहराजवळ सोडणारी बस बरी पडते.

एक शब्द पाठच करून ठेवा: 'शोपेरो', म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप नेहमीचेच, पण कायद्याने त्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते, त्यामुळे तारखा आधी कळतात. संपातही कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक रेजिओनाले गाड्या सोडाव्याच लागतात.

"त्यापेक्षा गाडी भाड्याने घेऊ" असं वाटत असेल, तर भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागेल. जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेडटीएल' नावाचे भाग असतात. तिथे परवानगीशिवाय गाडी नेली की कॅमेरा नंबर टिपतो. त्या वेळी कुणी अडवत नाही, शिट्टीही वाजत नाही. परदेशात राहणाऱ्यांना नोटीस पाठवायला इटलीच्या यंत्रणेकडे ३६० दिवस असतात. नोटीस घरी येते तेव्हा ट्रिपचे फोटो टाकूनही कित्येक महिने झालेले असतात. शिवाय तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल भाड्याच्या गाडीची कंपनी वेगळं शुल्क कार्डवरून कापते, ते निराळंच.