कामाने घडवलेली जात

ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात गंगथडी, भीमथडी, नीरथडी आणि माणदेश हे मुलूख घोड्यांच्या पैदाशीसाठी नावाजलेले असल्याचे नोंदवले आहे. पुणे जिल्ह्यातला दौंड तालुका याच भीमथडीतला. इथला घोडा बुटका, काटक, थोडक्या चाऱ्यावर मजल मारणारा; मराठी फौजेला तसाच लागे. पेशवाई बुडाली आणि ते गिऱ्हाईक गेले. शिरूरला पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणे होते, कंपनी सरकारने आळेगावला घोड्यांची पैदासही चालवून पाहिली. तरी भीमथडी तट्टू टिकले ते मेंढरांमागे बिऱ्हाड वाहून नेणाऱ्या धनगरांकडे. जात कामावर जगते आणि काम सरले की निवडणारा हातही सैल पडतो. गुरांचा इतिहास याहून वेगळा नाही.

खिलार या कामाच्या गुरांच्या जातीचा खोंड पारखताना शेतकरी लांबट डोके, मागे झुकलेली कमानदार शिंगे, काळे टणक खूर, गळ्याखालची आटोपशीर पोळी आणि अंगाला घट्ट बसलेली कातडी बघतो. ही सौंदर्याची यादी वाटते. पण सैल पोळी आणि मऊ खूर मोटेवर, नांगरावर नडतात. गावकऱ्यांना निवड कळतच नाही, मोकाट वळू जात बिघडवतात, असा तेव्हाच्या मुंबई सरकारचा आक्षेप होता. त्यातूनच 1933 चा मुंबई पशुधन सुधारणा कायदा आला: वळूला परवाना हवा, नापसंत वळू खच्ची करावा. आक्षेपात तथ्य होते, कारण एका वळूची खोड अख्ख्या गावाच्या वासरांत उतरते. पण वळू नाकारण्याचा अधिकार हाती आला म्हणून चांगला वळू पोसण्याचा खर्च भागत नाही.

पुढे कामच बदलले. गांधीजींनी 1946 मध्ये दौंडच्या सीमेलगत उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तिथेच राहिलेल्या मणिभाई देसाईंनी गीर गाई सांभाळल्या आणि 1967 मध्ये बायफ ही संस्था उभी केली. गोठवलेल्या रेताच्या काडीने वळू दावणीवरून हलला आणि निवड गावाच्या हातून संस्थेकडे गेली. परदेशी वळूंच्या संकरानेच खिलार बुडवली, असे म्हणतात. हे अर्धेच खरे. मुठा कालव्याने दौंडला आणि चासकमानने शिरूरला चारा-ऊस दिला, ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले. मग रोज डेअरीत दूध घालणाऱ्याने बैलासाठी गाय का पाळावी?

बैलगाडा शर्यतीने जात वाचते, हा युक्तिवाद या पट्ट्यात जोरात आहे. 2014 ची बंदी, 2021 ची सशर्त परवानगी आणि 2023 चा घटनापीठाचा निकाल या साऱ्या काळात तो मांडला गेला. शर्यतीने खोंडाला किंमत आली, हे मान्य. पण शर्यतीच्या घाटात बारी, म्हणजे एक धाव, किती सेकंदांत बसली, एवढेच तिथे मोजतात. गाय किती दूध देते, दोन वेतांत किती अंतर ठेवते, कोरड्या वर्षी कशी तगते, याची वही कोणी ठेवत नाही. वळू स्वतः दूध देत नसल्याने त्याची खरी परीक्षा त्याच्या कालवडींत होते. म्हणून खिलार राखायची असेल तर शर्यतीच्या बक्षिसाइतकेच मोल गाईच्या नोंदवहीला मिळाले पाहिजे. नाहीतर उद्या शर्यत थांबली की तिची गत घोड्यासारखीच होईल.