मायना कोणाच्या नावाचा?

कोकणातल्या जुन्या घराच्या माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असतेच. तिच्यात जमिनीचे कागद, कुणाची तरी जन्मपत्रिका आणि मुंबईहून आलेल्या पत्रांची चळत असावयाची. आमच्या कट्ट्याच्या घरातही अशी एक पेटी आहे. तीतली बरीच पत्रे आजोबांच्या हातची. ते गिरणीत कामाला होते. शाळा त्यांच्या वाट्याला थोडीच आली होती; ऱ्हस्वदीर्घाची त्यांनी कधी भीड धरली नाही. परंतु वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्या भावाला 'चिरंजीव' आणि गावच्या मानकऱ्यांना 'राजश्री' हे त्यांचे एकदाही चुकलेले दिसत नाही. आणि गंमत अशी की, मायना बदलला की खालची सारी भाषाच बदलते. वडिलांच्या पत्रात पैशांचा हिशेब अदबीने येतो, भावाच्या पत्रात दटावणी येते, मानकऱ्यांच्या पत्रात विनंती असूनही मान ताठ राहते. चार यत्ता शिकलेल्या माणसाला तीन तऱ्हांनी लिहिता येत होते. माझ्या चौथीच्या मुलांना एकाच तऱ्हेने लिहिता येई, आणि तीही त्यांची स्वतःची नसे. हे असे का झाले, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा तो मला दोनशे वर्षे मागे घेऊन गेला.

पंतोजींच्या शाळेची आपण पुष्कळ थट्टा केली आहे, आणि छडी आठवली म्हणजे ती थट्टा गैर होती असेही वाटत नाही. धूळपाटी, बोरू, मोडीचे वळण, पाढे आणि पावकी-निमकी एवढ्यांत त्या शाळेचे जग सामावलेले असे. मात्र लेखन ही तेथे व्यवहाराची गोष्ट होती. कागद कोणाकडे तरी जावयाचा असे. हेमाडपंताच्या नावावर सांगितले जाणारे 'मेस्तक' हे लेखनपद्धतीच्या नियमांचेच संकलन. कोणास कसे लिहावे, हा त्यातला मोठा विषय. म्हणजे ज्याला आज आपण शैली म्हणतो, ती त्या काळी पत्र घेणाऱ्याच्या नावापासून सुरू होत असे. त्यात जातिपातीची व मानपानाची उतरंड होती, हेही विसरून चालणार नाही. मायन्यात ज्याला जागाच नव्हती, त्याने कोणाला लिहावयाचे? या प्रश्नाकडे पुढे येऊ.

इंग्रजी अमलात शाळा बदलली. छापील पुस्तक आले. या बदलात आमच्या जिल्ह्याचाही वाटा आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले आणि १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. बातमी, शास्त्रीय माहिती, वाचकांचा पत्रव्यवहार या लेखनाच्या नव्या वाटा मराठीत अशा रीतीने पडल्या. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले. मेजर कँडी यांनी शालेय पुस्तकांच्या भाषेला एकसारखे वळण लावले आणि आपल्याला स्वल्पविराम, पूर्णविराम यांची सवय लावली. मराठी गद्य ताठ उभे राहिले ते या मंडळींच्या मेहनतीमुळे. त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे.

परंतु या लाभाबरोबर एक तोटाही झाला. शाळेतल्या कागदाचा पत्ता हरवला. मुलगा लिही ते मास्तरांनी तपासावे म्हणून. आणि मास्तर वाचीत ते चुका काढावयास. पुढे १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. ते स्वतः शाळामास्तर होते; परंतु निबंध लिहिताना कोणाशी भांडावयाचे आहे आणि कोणाला जागे करावयाचे आहे, हे त्यांच्यापुढे लख्ख होते. शाळांनी मात्र निबंधाचे टरफल तेवढे उचलले. 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे' हे वाक्य कोणाला पटवून द्यावयाचे आहे? ज्या मुलाच्या घरी पहाटे गाय हंबरते त्याला? तो बिचारा गायीविषयी सारे जाणतो, आणि वहीत मात्र दुसऱ्याची गाय लिहितो.

याच काळात पुण्याला एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज पुष्कळांना नावाने ठाऊक आहे. शिक्षकाच्या नजरेने तो वाचला म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे ती विचारते, तेव्हा तिची भाषा वकिलाची असते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांविषयी ती सांगते, तेव्हा युक्तिवाद बाजूला राहतो आणि डोळ्यांनी पाहिलेले दिसू लागते. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळून त्यांना शिकावयास सांगते, तेव्हा बोलणे घरच्या माणसाचे होते. एका लहान मुलीच्या एका निबंधात लेखनाच्या तीन तऱ्हा आल्या. शैलींचा तक्ता तिला कोणी फळ्यावर काढून दिला असेल असे मला वाटत नाही. तिला सांगावयाचे होते आणि ऐकणारे तीन होते. तऱ्हा आपोआप तीन झाल्या. ज्यांना मायन्यात जागा नव्हती, त्यांच्यातल्या मुलीने सगळ्या महाराष्ट्राच्या नावाने मायना लिहिला.

यानंतरचा टप्पा अमळनेरचा. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली तेथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित सुरू केले. दिवसभर शिकवून हा माणूस रात्री जागून स्वतःच्या हाताने दैनिक लिहीत असे. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढले. १९३० च्या सत्याग्रहात ते शाळा सोडून गेले. सहाच वर्षांची ही नोकरी. पण गोष्ट, चरित्र, निसर्गवर्णन, उपदेश, बातमी असे सारे लेखन मुलांच्या दारात रोज सकाळी ताजे येऊन पडावे, ही कल्पना केवढी मोठी! लिहिणारा आपल्या ओळखीचा आहे आणि तो आपल्यासाठीच लिहितो आहे, हे ज्या मुलाला एकदा कळले, त्याला लेखन म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

योगायोग असा की, त्याच १९२४ साली फ्रान्सच्या दक्षिणेकडील बार-स्यूर-लू या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या प्राथमिक शिक्षकाने वर्गात एक लहानसे छापयंत्र आणून ठेवले. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती. फार वेळ बोलत राहणे त्याला जड जाई. तेव्हा तो मुलांना घेऊन गावात, शेतांत फिरे. पाहिलेले मुले लिहीत, सगळी मिळून एक मजकूर निवडीत, स्वतः खिळे जुळवून छापीत. १९२६ साली त्याने ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगँक गावच्या शाळेशी मजकुरांची देवाणघेवाण सुरू केली. डोंगरातल्या मुलांनी समुद्रकाठच्या मुलांना आपला गाव समजावून द्यावयाचा! नेमके शब्द वापरले नाहीत तर पलीकडच्याला काहीच कळणार नाही, हा धडा तेथे पोस्टाने येत असे. त्याच वर्षी वॉर्सात यानुश कोर्चाक यांनी मुलांनीच लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. देशभरातून मुले त्याला पत्रे पाठवीत. १ सप्टेंबर १९३९ रोजी, पोलंडवर स्वारी झाली त्या दिवशी, त्याचा अखेरचा अंक निघाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये कोर्चाक आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांबरोबर मृत्युछावणीत गेले. मुलांचे म्हणणे छापावयाचे, ही गोष्ट त्यांनी खेळ म्हणून केली नव्हती.

हे सारे वाचून मी काय केले ते सांगतो. त्यात फुशारकी मारण्यासारखे फारसे नाही. 'पावसाळा' या विषयावर माझ्या वर्गाने लिहिलेले निबंध एका रविवारी तपासीत बसलो होतो. प्रत्येकात बेडूक डरावडराव करीत होते आणि धरणीमाता हिरवा शालू नेसली होती. दुसऱ्या दिवशी मी म्हटले, "चतुर्थीला येणाऱ्या मुंबईच्या काकांना कळवा, यंदाचा पाऊस कसा आहे." मग कोणाच्या पडवीत पाणी आले होते, कोणाची शेकरलेली कौले पुन्हा गळत होती, कोणाच्या आजीने पावसाला शिव्या दिल्या होत्या. शालू कोणीच नेसले नव्हते.

तेव्हापासून आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर दर आठवड्याला एक मोठा कागद लागतो. त्यावर बातमी असते, पत्र असते, गोष्ट असते, तक्रार असते, आणि गाऱ्हाणेही असते. आमच्या मुलांना गाऱ्हाण्याची भाषा उपजत येते. 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात झाली की सारा वर्ग 'व्हय म्हाराजा' म्हणावयास टपलेला असतो. दशावतारात लिहिलेली संहिता हाती नसताना राजा, राणी, संकासुर जो तो आपापल्या तोंडची भाषा बोलतो, हे त्यांनी देवळापुढे मांडी घालून पाहिलेले असते. शैलीभेद त्यांना शिकवावा लागत नाही. शाळेच्या दाराशी ते तो चपलांबरोबर काढून ठेवतात, तो आत आणावयास सांगावे लागते.

एकदा वर्गात कधी न बोलणाऱ्या एका मुलीने वहाळावरच्या मोडक्या साकवाविषयी लिहिले. "साकवावरसून जाताना माका भिया वाटता. आवशी माजो हात धरता. तिकाव भिया वाटता, पण ता ती सांगणा नाय." कागद भिंतीवर लागला. त्याच आठवड्यात शाळा पाहावयास एक गृहस्थ आले. त्यांनी तांबड्या पेन्सिलीने 'माका', 'आवशी', 'तिकाव' या शब्दांना गोल केले आणि प्रमाण भाषेचा आग्रह धरला. दोष त्यांना कशाला देऊ? कागद काढला तो मी. महिनाभर त्या मुलीने वहीत 'पावसाळा'च लिहिला, अगदी शुद्ध, बेडकांसकट.

शेवटी मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "गो बाय, माझा चुकला. ह्या आता ग्रामपंचायतीक लिवया. थय कसा लिवचा?" तिने थोडा विचार केला आणि प्रमाण मराठीत, 'मा. सरपंच' असा मायना घालून, सहा ओळींचा अर्ज लिहिला. त्यात भीती नव्हती. फळ्या किती मोडल्या आहेत आणि किती मुले त्यावरून येतात याची मोजदाद होती. भीतीचा पहिला कागद आम्ही पुन्हा भिंतीवर लावला, आणि शेजारी अर्जाची नक्कल. एकच साकव, दोन कागद. कोठे काय लिहावयाचे ते त्या मुलीला माझ्यापेक्षा चांगले कळले होते.

आजच्या पाठ्यपुस्तकांत पत्र, बातमी, जाहिरात, संवाद असे लेखनप्रकार आले आहेत, हे चांगले झाले. परंतु परीक्षेतले पत्र अजून 'अ. ब. क.' नावाचा इसम लिहितो आणि ते पेटीत कधी पडत नाही. प्रकार आले, पत्ता आला नाही. आजोबांच्या पत्रांत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ढीगभर आहेत. पण त्यांतले प्रत्येक पत्र कोणीतरी वाट पाहत असलेल्या घरी पोचले होते.

साकवाच्या दोन फळ्या नव्या बसल्या, बाकीच्या अजून तशाच आहेत. मुलीने दुसरा अर्ज लिहावयास घेतला आहे. या खेपेस मायना कोणाच्या नावाचा घालावा, याचा ती विचार करते आहे.